साइट आमची, पानं जपानी

कोथरूडच्या एक काकू दरवर्षी नवी हळद निघाली की आमच्याकडनं पाच किलो मागवतात. यंदा मार्चमध्ये त्यांची ऑर्डर यायच्या जागी स्क्रीनशॉट आला. गूगलवर आमच्या दुकानाचं नाव टाकलेलं, खाली आमचंच डोमेन, आणि मथळा सगळा जपानीत. त्याखाली काकूंचा मेसेज, "अगं, तुम्ही जपानला माल पाठवायला लागलात की काय?"

मी आधी हसलेच. साइट उघडून बघितली तर सगळं जागच्या जागी, राजापुरी हळदीचे फोटो, बेदाणा, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय मानांकन मिळालं त्याबद्दलचं पान, जे मी दोन रात्री जागून लिहिलं होतं. म्हटलं काकूंच्याच फोनात काहीतरी शिरलं असेल. पण मनातनं जाईना म्हणून भाच्याला फोन लावला, तो विश्रामबागला रूम घेऊन राहतो, इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला मावशी, गूगलमध्ये इंग्रजीत साइट लिही, पुढं कोलन दे आणि त्याला चिकटून आपलं डोमेन टाक. टाकलं. आमच्या साइटची पानं मोजून एकोणीस, आणि गूगल दाखवत होतं बारा हजाराच्या वर! घड्याळं, पर्सा, गोल्फचे बूट, सगळं जपानीत आणि सगळं आमच्या नावावर.

अण्णा म्हणजे माझे सासरे, गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांचा पहिला प्रश्न, "मग घड्याळं कितीला विकायलेत आपल्या नावावर?"

ह्या प्रकाराला जपानी कीवर्ड हॅक म्हणतात, गूगलचंच त्यावर मदतीचं पान आहे म्हणजे बघा किती कॉमन असेल. कुणीतरी साइटमध्ये शिरून हजारो खोटी पानं तयार करतं, आपल्या डोमेनची पत वापरून स्वतःचा माल वर आणतं. आणि चलाखी अशी की ती पानं गूगलच्या बॉटला, म्हणजे साइटी वाचत फिरणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामला, दिसतात, मालक बघायला गेला की त्याला "पान सापडलं नाही" असं दिसतं. म्हणून मला महिनोन्महिने पत्ता नव्हता.

थोडं मागचं सांगते. २०१९ च्या पुरात गणपती पेठेतल्या दुकानात पाणी आलं, सगळं सावरतोय तोवर लॉकडाउन, तेव्हा ह्यांच्या मित्राच्या ओळखीतल्या एका मुलानं ही वर्डप्रेसची (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) साइट करून दिली. पोरगा हुशार, पैसे पण कमी घेतले. वर्षभरात पुण्याला नोकरी लागली आणि गेला. त्यानंतर साइटचं म्हणजे काय तर मी भाव बदलायचे, ऑर्डर बघायच्या आणि दरवर्षी होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेच्या भाड्याचे, पैसे भरायचे, बस. सीपॅनल, म्हणजे त्या जागेचा सगळा कारभार जिथनं चालतो ते पान, असं काही असतं हे बिलावर वाचलेलं तेवढंच.

होस्टिंगवाल्यांना फोन केला तर त्यांनी अर्धा तास लाइनवर ठेवून सांगितलं की सिक्युरिटीचं वेगळं पॅकेज घ्या, वर्षाचे एवढे एवढे. मी म्हटलं आधी आत काय झालंय ते तरी सांगा, तर म्हणे ते आमच्या स्कोपमध्ये येत नाही. बरं. मग शनिवारी दुपारी भाचा दुकानाच्या मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला आणि मी शेजारी. त्याला पहिल्याच मिनिटाला बजावलं, माउस माझ्या हातात राहणार, तू फक्त सांगायचं. कारण एकदा दुसऱ्याच्या हातात दिलं त्याचंच हे फळ होतं.

पहिली गंमत सीपॅनलच्या लॉगिनलाच. पासवर्ड माहीत नाही. रिसेट करावा तर लिंक जाणार त्या पुण्याच्या पोराच्या ईमेलवर, कारण अकाउंटला संपर्क म्हणून त्याचाच पत्ता. त्याला फोन केला तर "वहिनी, मीटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांत करतो," ती पाच मिनिटं दोन तास चालली. शेवटी त्यानंच जुना पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवला. दुकानाचं नाव, पुढं ॲटचं चिन्ह, पुढं एक दोन तीन. मी काही बोलले नाही. वर्डप्रेसचा पण तोच, डेटाबेसचा पण तोच, आणि युजरनेम ॲडमिन.

आत गेल्यावर पासवर्ड बदलला, सीपॅनलच लांबलचक बनवून देतं तो घेतला. संपर्काचा ईमेल माझा टाकला आणि तिथंच खाली टिकमार्क असतात, कुणी लॉगिन केलं, पासवर्ड बदलला, तर कळवा, ते सगळे चालू केले. मग टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप. क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि मोबाइलच्या ॲपमध्ये दर तीस सेकंदाला सहा आकडे बदलत राहतात, ते टाकायचे. दुकानाचा जो जुना फोन अण्णांकडं असतो त्यावर घेतलं, म्हटलं तो कायम गल्ल्यातच असतो. आकडे टाकले, चूक. परत टाकले, परत चूक. सहा-सात वेळा. भाचा पण चक्रावला. आणि मग माझ्या लक्षात आलं, अण्णा घरातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढं ठेवतात, भिंतीवरचं, हातातलं आणि फोनातलं सुद्धा! ते सहा आकडे वेळेवरनंच काढले जातात, फोन पाच मिनिटं पुढं म्हटल्यावर सर्व्हरशी जुळणार कसे. फोनची वेळ ऑटोमॅटिकवर टाकली, पहिल्या झटक्यात चाललं. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

मला आता तडातडा डिलीट करत सुटायचं होतं. भाचा म्हणाला थांब, आधी बॅकअप. मी म्हटलं घाणीचा कसला बॅकअप? तर दाराशी उभे राहिलेले अण्णा म्हणाले, पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरतं का? आमच्याकडं हरिपूरला पूर्वी हळद जमिनीतल्या पेवात भरून ठेवायचे, तोंड उघडलं की आधी आतली हवा जाऊ द्यायची, मगच माणूस उतरवायचा. ते ऐकून मी गप बसले. फुल बॅकअप घेतला, तो आधी सर्व्हरवरच तयार होतो, तिथनं लॅपटॉपवर उतरवला आणि सर्व्हरवरचा पुसला. सर्व्हरवरच ठेवला तर उपयोग काय, पुराच्या वेळी आम्ही खातेवह्या नणंदेकडं मिरजेला नेऊन ठेवल्या म्हणून वाचल्या, दुकानाच्या माळ्यावर असत्या तर दुकानाबरोबर त्याही गेल्या असत्या.

मग फाइल मॅनेजर. इथं माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मजा पण इथंच आली. वर सेटिंग्जमध्ये लपलेल्या फाइली दाखवा असा पर्याय असतो, तो टिक केल्याशिवाय टिंबानं सुरू होणाऱ्या फाइली दिसतच नाहीत, आणि सगळी भानगड तिथंच. डॉट एचटीॲक्सेस नावाची फाइल असते, साइटवर आलेल्याला कुठल्या दारानं आत सोडायचं ते ही ठरवते. आमच्या त्या फाइलीत दहा-बारा ओळी असायला पाहिजेत तिथं पानभर नियम. भाच्यानं सांगितलं तसं मी ती पुसली आणि स्वच्छ नवी टाकली. रिफ्रेश केलं. जुनी हजर! परत पुसली, एका मिनिटाच्या आत परत हजर. मला खरंच भुताटकी वाटली.

क्रॉन जॉब्समध्ये उत्तर सापडलं. क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळेला आपोआप करायचं काम, आणि तिथं आम्ही न टाकलेली एक ओळ होती, पुढं पाच फुल्या. पाच फुल्या म्हणजे दर मिनिटाला. दर मिनिटाला तो प्रोग्राम उठून बघायचा फाइल आहे का, नसली की परत लिहायचा. घरात शिरलेल्या चोरानं आपल्याच घरात पगारी गडी ठेवावा तसं. ती ओळ काढली, मग फाइल पुसली, मग मात्र गेली.

बाकीची घाण अशी. मुख्य फोल्डरमध्ये कसल्याकसल्या अक्षरांच्या नावाची फोल्डरं. इंडेक्सच्या फाइलीत सुरुवातीलाच एक अगडबंब लांब ओळ, वाचता येणार नाही अशी अक्षरं, सांकेतिक करून दडवलेला कोड. आणि अपलोड्समध्ये, जिथं फक्त हळदीचे फोटो असायला पाहिजेत, तिथं पीएचपीच्या, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइली. सीपॅनलमध्ये व्हायरस स्कॅनर आहे, त्यानं चार पकडल्या, आम्ही हातानं त्यापेक्षा किती तरी जास्त काढल्या, त्यामुळे त्यानं हिरवं दाखवलं म्हणून निश्चिंत झोपू नका. शेवटची बदललेली तारीख लावून बघायचं असं पण सांगतात, पण ती तारीख खोटी टाकता येते, आमच्याकडं एक फाइल तर दुकानाची साइट निघायच्या आधीच्या तारखेची होती, त्यावरनंच सापडली उलट.

शेवटी एकेक फाइल निवडत बसण्यापेक्षा वर्डप्रेसच नवं आणून जुन्या जागी टाकलं, प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे जास्तीचे भाग, सगळे पुसून अधिकृत ठिकाणाहून परत घेतले. त्यात एक स्लायडर निघाला, विकतचा प्रो, पण त्या पोरानं कुठनं तरी फुकटचा क्रॅक आणून बसवलेला. फोटो एकानंतर एक सरकावेत एवढ्यासाठी.

आणि आत यायचं दार? ह्यावर आमचे दोघांचे अजून मतभेद आहेत. भाचा म्हणतो स्लायडर. मला वाटतं दुसरंच. पब्लिक एचटीएमएल ह्या साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये टेस्ट नावाचं फोल्डर होतं, त्यात अख्खं दुसरं वर्डप्रेस, पहिल्यांदा ट्रायल म्हणून केलेलं, चार वर्षांत एकदाही अपडेट न केलेलं. एका सीपॅनल अकाउंटमधल्या सगळ्या साइटी एकाच युजरच्या नावावर चालतात, त्यामुळे अडगळीच्या खोलीतनं आलेला माणूस सरळ देवघरापर्यंत जाऊ शकतो. आणि त्याच फोल्डरशेजारी "बॅकअप" नावाची एक झिप पडलेली, उघड्यावर! नाव अंदाजानं टाकलं तरी कुणीही डाउनलोड करावी, आत कॉन्फिगची फाइल, त्यात डेटाबेसचा पासवर्ड, आणि पासवर्ड सगळीकडं एकच हे वर सांगितलंच.

त्यानंतर एफटीपीची, म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवायची, खाती बघितली. चार. एक मुख्य. एक त्या पोराचं. एक फोटोग्राफरचं, ज्यानं दिवाळीत एकदा फोटो चढवले होते. आणि एक एका एसईओवाल्याचं (गूगलवर साइट वर आणून देणारा), ह्यांनी त्याला तीन महिन्यांचे पैसे दिले होते आणि त्यानं काय केलं ते त्यालाच माहीत. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी फोनकडं बघितलं. तिन्ही काढली. साधं एफटीपी पासवर्ड उघडा पाठवतं, आता लागलंच तर एसएफटीपी, ते झाकून पाठवतं. वर्डप्रेसमध्ये पण एक अनोळखी ॲडमिन सापडला, तोही गेला.

डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि साइट धाडकन बंद, डेटाबेसशी संपर्क होत नाही म्हणे. वीस मिनिटं आमची पळापळ, शनिवारची गर्दी बाहेर, अण्णा आत डोकावून विचारतायत झालं का. कॉपी पेस्ट करताना पासवर्डच्या शेवटी एक स्पेस आली होती. एक स्पेस! कॉन्फिगच्या फाइलीतल्या गुप्त किल्ल्या पण बदलल्या, त्या बदलल्या की जो कोण लॉगिन करून बसलाय तो आपोआप बाहेर फेकला जातो. पेमेंट गेटवेच्या किल्ल्या पण नव्या घेतल्या, कार्डाचे नंबर आमच्याकडं साठत नाहीत हे त्यातल्या त्यात नशीब.

परवानग्यांचं प्रकरण मला आवडलं. प्रत्येक फाइलीला तीन आकडे असतात, मालक, गट आणि बाकी जग. वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक, बेरीज करायची. म्हणजे ६४४ म्हटलं की मालकाला वाचायला लिहायला, बाकीच्यांना नुसतं वाचायला. फाइलींना ६४४, फोल्डरांना ७५५, कॉन्फिगला ६०० केलं. आमचं अपलोड्स होतं ७७७ वर, म्हणजे सगळ्यांना सगळं. का? तर म्हणे एकदा फोटो चढत नव्हता. दार अडकतंय म्हणून दारच काढून ठेवायचं हा त्यातला प्रकार.

पीएचपी ७.२ वर होतं, त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२० लाच संपला. मल्टीपीएचपी मॅनेजरमधनं दोन क्लिकात आठच्या पुढचं केलं आणि पान पांढरंफटक. जुन्या थीममुळे. थीम अपडेट केल्यावर आलं. मॉडसिक्युरिटी, म्हणजे साइटवरचे हल्ले अडवणारा पहारेकरी, कुणीतरी बंद करून ठेवलेलं ते चालू केलं. ईमेल डिलिव्हरेबिलिटीमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल आपलाच आहे हे पटवणाऱ्या नोंदी) ह्यांना दुरुस्तीचं बटण असतं ते दाबलं, त्यावर फार काही सांगण्यासारखं नाही.

आता कुलूप. साइटला एसएसएल, म्हणजे पत्त्याशेजारचं ते कुलूप, होतंच, ऑटोएसएसएल परस्पर नवं करत राहतं. ह्यांचं म्हणणं, "कुलूप दिसत होतं की वर, मग हॅक कशी झाली?" मला पण आधी तसंच वाटायचं. ते कुलूप फक्त ग्राहकाच्या फोनपासून आपल्या सर्व्हरपर्यंतच्या रस्त्याचं, मधे कुणी ऐकू नये म्हणून. दुकानात आत कोण बसलंय ते त्याला काय माहीत, ती जपानी पानं पण कुलपासकटच दिसत होती. फक्त एक सुधारणा केली, डोमेन्समध्ये एचटीटीपीएसकडं वळवायचं बटण बंद होतं ते चालू केलं, आणि लोगोचा फोटो जुन्या पत्त्यावरनं येत होता तो बदलला.

मग माझा उत्साह जरा जास्त झाला. भाचा गेल्यावर रात्री मी एकटीनं डिरेक्टरी प्रायव्हसी वापरून वर्डप्रेसच्या ॲडमिन फोल्डरलाच वेगळा पासवर्ड लावला, म्हटलं डबल कुलूप. सकाळी नाशिकहून एका ग्राहकाचा फोन, "ताई, बेदाणा घ्यायचाय, पासवर्ड काय टाकू?" त्या फोल्डरमध्ये एक फाइल असते जी ग्राहकाच्या बाजूनं पण लागते, ती पण कुलपात गेली होती. काढून टाकलं. त्यांना अर्धा किलो जास्त पाठवला.

गूगल सर्च कन्सोल, म्हणजे साइटमालकांसाठी गूगलचं पान, त्यात आमची साइट कधी जोडलेलीच नव्हती. सीपॅनलच्या झोन एडिटरमध्ये, जिथं डोमेनच्या नोंदी असतात, गूगलनं दिलेली टीएक्सटी ओळ टाकून मालकी सिद्ध केली, आणि आत गेले तर मालकांच्या यादीत माझ्याआधी एक मालक! कसलातरी अगम्य जीमेल. त्या लोकांनी साइटवर स्वतःची पडताळणीची एचटीएमएल फाइल ठेवून गूगलकडं स्वतःला मालक म्हणून नोंदवलेलं आणि हजारो पानांचा साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, पण देऊन टाकलेला. दुकान चार पिढ्यांचं, आणि गूगलच्या दप्तरी मालक दुसराच. ती फाइल शोधून पुसली, मग त्याला काढला, साइटमॅप काढला. फाइल तशीच ठेवली असती तर तो परत मालक झाला असता. मग सुरक्षेच्या रिपोर्टमधनं फेरतपासणीची विनंती टाकली, काय काय केलं ते इंग्रजीत लिहून, ते तेवढं भाच्यानं लिहिलं.

पुण्याच्या पोराचा नंतर फोन आला. "वहिनी, सॉरी." मी म्हटलं अरे, तू किल्ल्या मागितल्या नव्हत्यास, आम्हीच दिल्या, आणि परत मागितल्या नाहीत. दुकानातला गडी सोडून गेला की अण्णा त्याच दिवशी शटरचं कुलूप बदलतात, त्याला चहा पाजून, राग न धरता. साइटचं कुलूप बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी अर्धा तास बसते, अपडेट, क्रॉन जॉब्स, एफटीपीची यादी, बॅकअप लॅपटॉपवर आणि एक पेनड्राइव्हवर, तो नणंदेकडं. काकूंची हळद गेली एप्रिलमध्ये. गूगलमधली जपानी पानं रोज थोडी थोडी गळतायत, आज सकाळी बघितलं तेव्हा एकतीस उरली होती, त्यातलं एक गोल्फच्या बुटांचं आहे आणि ते काही केल्या हलत नाही.